ग्रंथालयाचा ऑनलाइन समूह: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेल अशी जागा कशी उभारावी

रात्री साडेदहाला एका वाचकाला लहानपणी वाचलेलं पुस्तक आठवतं. नाव आठवत नाही. मुखपृष्ठावर दीपगृह होतं आणि गोष्टीत दोन भावंडं होती, एवढंच. ग्रंथालयाचा ग्रुप फोनवर आहे, म्हणून तो तिथे विचारतो. चारशे सभासदांपैकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी काही बोलत नाही. मग ॲडमिनचा संदेश येतो: ‘उद्या ग्रंथालय बंद राहील.’ हा वाचक त्या ग्रुपवर पुन्हा काही विचारत नाही. ज्यांनी हे पाहिलं, तेही विचारत नाहीत.

असे ग्रुप मी बरेच पाहिले आहेत, आणि त्यांतला एक मीच सुरू केलेला होता. ग्रुप काढणं पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हे रोजचं काम आहे, आणि ते कुणाकडे तरी सोपवावं लागतं. ऑनलाइन समूह म्हणजे संदर्भ विभागाचं, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देणाऱ्या विभागाचं, आणखी एक टेबल. तिथे माणूस बसवायची तयारी असेल तरच ते मांडावं. पुढे जे सांगितलं आहे ते याच समजुतीवर उभं आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे वही ठेवा

देवघेवीच्या काउंटरवर एक वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहा. फोनवर आलेला, जाता जाता विचारलेला, सगळे. दोन आठवड्यांनी बसून त्यांचे ढीग करा: वेळ आणि नियम, अमुक पुस्तक आहे का, अमुक विषयावर माहिती शोधून द्या, काय वाचू ते सुचवा, फॉर्म भरायला किंवा संगणक वापरायला मदत करा.

बहुतेक प्रश्न वेळ आणि नियमांचे निघाले, तर तुम्हाला समूहाची गरज नाही. दारावर आणि संकेतस्थळावर अद्ययावत माहिती लावा, काम होईल. ‘शोधून द्या’ आणि ‘सुचवा’ हे ढीग मोठे असतील तर समूहाला खरं काम आहे, कारण या प्रश्नांना एकापेक्षा जास्त डोक्यांची मदत होते. ही वही जपून ठेवा. समूह सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात काय लिहायचं, ते याच वहीतून मिळणार आहे.

दुसरी पायरी: आधी कर्मचाऱ्यांचा समूह, मग वाचकांचा

बहुतेक ग्रंथालयं वाचकांच्या ग्रुपपासून सुरुवात करतात, कारण तो दिसतो आणि अहवालात लिहिता येतो. माझा सल्ला उलटा आहे. आधी दोन-तीन महिने कर्मचाऱ्यांचा समूह चालवा. वाचकाने विचारलेलं एकट्या ग्रंथपालाला आलं नाही, तर तो प्रश्न मागे कुठे न्यायचा, याची सोय आधी हवी. शिवाय उत्तर कसं लिहावं, चूक कशी दुरुस्त करावी, कुणी कधी बोलावं याचा सराव आपल्या माणसांत झालेला बरा.

लहान ग्रंथालयात एक-दोनच माणसं असतात. तिथे आसपासच्या चार-पाच ग्रंथालयांनी मिळून कर्मचाऱ्यांचा एकच समूह करावा. एकट्याने काम करणाऱ्या ग्रंथपालाला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण त्याच्या शेजारच्या खुर्चीत विचारायला कुणी नसतं.

तिसरी पायरी: नवी जागा करण्याआधी जुन्या जागी जा

वाचक आधीच कुठे ना कुठे जमलेले असतात. रहिवाशांचे ग्रुप, पालकांचे ग्रुप, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांचे चॅनेल, पुस्तकप्रेमींची पानं. तिथे रोज असे प्रश्न पडतात ज्यांची उत्तरं ग्रंथालयाच्या कपाटात आहेत. २००७ च्या सप्टेंबरात काही ग्रंथपालांनी ‘स्लॅम द बोर्ड्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. दर महिन्याच्या १० तारखेला सार्वजनिक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर जायचं, लोकांच्या प्रश्नांना साधार उत्तरं द्यायची आणि आपण ग्रंथपाल आहोत हे त्या उत्तरातच उघड सांगायचं. पैसा लागला नाही, नवं ॲप लागलं नाही. ज्यांनी कधी ग्रंथालयाचं दार पाहिलं नव्हतं, त्यांच्यापर्यंत ग्रंथपाल स्वतः गेले.

याच जातीचा दुसरा उपक्रम २०१६ साली विकिपीडियाच्या पंधराव्या वाढदिवशी सुरू झाला: ‘वन लिब वन रेफ’, म्हणजे प्रत्येक ग्रंथपालाने विकिपीडियावरच्या एका तरी आधार नसलेल्या विधानाला संदर्भ जोडायचा. नवख्या कर्मचाऱ्याला ऑनलाइन समूहात वावरायची सवय लावायला याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही. एक विधान निवडा, आपल्या संग्रहातलं पुस्तक उघडा, पान क्रमांक टाका. विधानाची पडताळणी होते आणि आपल्या संग्रहाची ओळखही.

दुसऱ्यांच्या जागेत जाताना तीन पथ्यं पाळा. ग्रंथालयाची ओळख सांगूनच बोला. आधी उत्तर द्या. आपल्या ग्रंथालयाचा उल्लेख उत्तराच्या शेवटी एका ओळीत पुरतो. आणि विचारल्याशिवाय कार्यक्रमांची पत्रकं टाकू नका.

चौथी पायरी: जागा निवडणं

‘सगळे व्हॉट्सॲपवर आहेत’ हे कारण वजनदार आहे, पण पुरेसं नाही. निवडण्याआधी चार गोष्टी तपासा: जुनं उत्तर पुन्हा शोधता येतं का, नव्याने आलेल्याला मागचं दिसतं का, सभासदांचे फोन नंबर एकमेकांना दिसतात का, आणि सगळा मजकूर आपल्याला बाहेर काढून साठवता येतो का.

व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये १०२४ जणांपर्यंत माणसं सामावतात आणि शिकवावं काही लागत नाही. पण सभासदांचे नंबर एकमेकांना दिसतात, आणि सगळं बोलणं एकाच धारेत वाहून जातं. स्त्री सभासदांना अनोळखी माणसांचे संदेश येऊ लागतात आणि त्या काही न बोलता ग्रुप सोडतात. ही तक्रार काउंटरवर अगदी हळू आवाजात सांगितली जाते, म्हणून ती आपल्यापर्यंत उशिरा पोहोचते. वाचकांसाठी व्हॉट्सॲपच वापरायचं असेल, तर फक्त सूचना देणारं चॅनेल ठेवा आणि प्रश्न ग्रंथालयाच्या एका नंबरावर खाजगीत घ्या.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, गट दोन लाखांपर्यंत वाढू शकतो आणि गटाचा मागचा मजकूर नव्या सभासदाला दिसेल असं ठरवता येतं. डिस्कॉर्ड २०१५ साली आलं ते गेम खेळणाऱ्यांसाठी, पण एकाच ठिकाणी विषयवार वेगळ्या खोल्या करता येतात, म्हणून किशोरवयीन वाचकांना ते जवळचं वाटतं. डिस्कोर्स हे चर्चामंचाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, आणि एका प्रश्नाचं एक पान राहत असल्यामुळे दोन वर्षांनीही उत्तर सापडतं. मात्र ते सांभाळायला तांत्रिक हात लागतो.

कर्मचाऱ्यांसाठी मी डोळे झाकून विषयवार धागे (एका विषयाचं बोलणं एका ठिकाणी) राहतील अशीच जागा निवडेन. वाचकांसाठी ते जिथे आहेत तिथे जाईन आणि तिथल्या उणिवा पुढे सांगितलेल्या ‘उत्तरांच्या वही’ने भरून काढेन. आणि एकच जागा निवडा. तीन ॲपवर तीन ग्रुप काढले की तिन्ही ओस पडतात.

पाचवी पायरी: नियम, आणि त्यातही गोपनीयता

नियम लांबलचक नकोत. एका फोनच्या पडद्यावर मावतील एवढेच लिहा आणि वर पिन करा. पण गोपनीयतेचा नियम शब्दाशब्दाने नीट लिहा. कोण काय वाचतो ही ग्रंथालयाकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेतही वाचकाची माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य म्हणून आलं होतं, आणि तेव्हा संगणकही नव्हते.

समूहात ही ठेव नकळत फुटते. एखादा सभासद विचारतो, ‘मी घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवता येईल का?’ कर्मचारी मदत करायच्या भरात पुस्तकाचं नाव, मुदत आणि दंड सगळ्यांसमोर लिहून मोकळा होतो. ते पुस्तक नैराश्यावरचं किंवा घटस्फोटाच्या कायद्यावरचं असेल तर? म्हणून देवघेव, दंड, राखून ठेवलेली पुस्तकं, सभासदत्व यांतलं काहीही समूहात बोलायचं नाही. असा प्रश्न आला की तयार उत्तर द्या: ‘नमस्कार, आपल्या खात्याबद्दल इथे सगळ्यांसमोर बोलता येणार नाही. ग्रंथालयाच्या नंबरावर सभासद क्रमांक पाठवा, लगेच पाहतो.’ सभासदाने आपलीच माहिती टाकली असेल तर ती पुसायला सुचवा, त्याला न खजील करता.

दुसरा नाजूक विषय पीडीएफचा. कोणत्याही पुस्तकांच्या ग्रुपवर आठवड्याभरात ‘याची पीडीएफ आहे का?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि कुणीतरी टाकतंही. ग्रंथालयाच्या नावाने चालणाऱ्या जागेत हे होऊ देऊ नका. पण नुसतं ‘बेकायदेशीर आहे’ म्हणून गप्प बसू नका. त्याच उत्तरात वैध वाट दाखवा: पुस्तक आपल्याकडे आहे का, आंतरग्रंथालयीन देवघेवीने मागवता येईल का, हक्कमुक्त (स्वामित्वहक्क नसलेलं) असेल तर १९७१ पासून चालत आलेलं प्रोजेक्ट गुटेनबर्ग किंवा इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळांवर मिळतं का. दर वेळी अशी वाट दाखवली की विचारणारेच बदलतात. पुढे ते ‘पीडीएफ आहे का’ ऐवजी ‘कुठे मिळेल’ असं विचारू लागतात.

औषधोपचार आणि कोर्टकचेरीच्या प्रश्नांवर सल्ला द्यायचा नाही, विश्वसनीय स्रोत द्यायचे, हेही लिहून ठेवा. मुलांच्या बाबतीत आणखी काळजी घ्या: बहुतेक समाजमाध्यमांची किमान वयोमर्यादा १३ वर्षांची आहे, त्याखालच्या मुलांसाठी समूह पालकांचा असावा. किशोरांच्या समूहात कर्मचारी नेहमी दोघे असावेत आणि कुणीही एखाद्या मुलाशी एकटं खाजगीत बोलू नये.

जाहिराती, राजकीय प्रचार, शुभेच्छांची चित्रं यांसाठी एक ओळ पुरते: इथे नको.

सहावी पायरी: पंधरा जणांपासून सुरुवात

समूह उघडल्याबरोबर सभासदांची सगळी यादी त्यात ओतू नका. परवानगीशिवाय कुणाला ग्रुपमध्ये घालणं हा त्याच्या नंबराचा गैरवापर आहे, आणि अनोळखी गर्दीत पहिलं वाक्य बोलायला कुणी धजावत नाही. नियमित येणारे, वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या आवडीचे पंधरा-वीस वाचक निवडा. प्रत्येकाशी समोरासमोर बोला: ‘असं असं करतोय, पहिला महिनाभर तुम्ही हात द्याल का?’

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला होता: ऑनलाइन समूहात १०० पैकी ९० माणसं फक्त वाचतात, ९ कधीमधी लिहितात आणि १ सतत लिहितो. हा ठोकताळा माहीत असला की शांत सभासदांमुळे धीर सुटत नाही. जे नुसतं वाचतात त्यांनाही सेवा मिळतेच आहे. काउंटरवर दुसऱ्याला दिलेलं उत्तर रांगेतला तिसरा ऐकतो, तसंच हे. पण हिशेब करून पाहा. वीस जणांच्या समूहात या प्रमाणाने सतत लिहिणारा एकही निघत नाही. म्हणून सुरुवातीला लिहिणारी माणसं नेमावी लागतात, आणि ती आधी बोलून ठेवलेलीच असली पाहिजेत.

पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन ठरलेले दिवस ठेवा. एका दिवशी वहीतला एक खरा प्रश्न, विचारणाऱ्याची ओळख लपवून, समूहापुढे टाका. दुसऱ्या दिवशी उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा. ‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला दोन-चार जण उत्तर देतात आणि थांबतात. ‘अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि कोणत्या पानावर सोडलं?’ असं विचारलं की बोलणं वाढतं, कारण यात हुशारी दाखवावी लागत नाही.

सातवी पायरी: उत्तर द्यायचं कसं

समूहाचं सगळं बरंवाईट इथे ठरतं, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिली गोष्ट, वेळ. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. समूहात त्याचा अर्थ असा की वाचकाला ताटकळत ठेवायचं नाही. पूर्ण उत्तर लगेच मिळणार नसेल तर ‘प्रश्न पाहिला, शोधतो आहे, उद्या दुपारपर्यंत सांगतो’ एवढं तरी लिहा, आणि त्या वेळेला खरंच सांगा, भले ‘अजून सापडलं नाही’ असंच का असेना. उत्तराची मुदत नियमांत जाहीर करा: कामाच्या दिवशी २४ तासांत पहिला प्रतिसाद. त्याहून मोठं वचन देऊ नका. रात्रंदिवस सेवा एकट्या ग्रंथालयाला झेपत नाही. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी २००२ साली ‘क्वेश्चनपॉइंट’ ही ऑनलाइन संदर्भसेवा सुरू केली, तेव्हा अनेक ग्रंथालयांनी मिळून पाळ्या वाटून घेतल्या म्हणूनच चोवीस तास उत्तर देणं जमलं. लहान प्रमाणावर हेच करता येतं: पाच ग्रंथालयं, प्रत्येकाकडे आठवड्यातला एक दिवस.

दुसरी गोष्ट, संदर्भ मुलाखत. काउंटरवर आपण प्रश्न ऐकून उलट प्रश्न विचारतो, तो टप्पा ऑनलाइन आपण विसरतो. कुणी लिहितं, ‘वाळवंटावर पुस्तक आहे का?’ लगेच पाच नावांची यादी टाकू नका. विचारा: ‘आपल्याला प्रवासवर्णन हवं आहे, की तिथले प्राणी-वनस्पती, की शाळेच्या प्रकल्पासाठी भूगोल? वाचणारं कोण आहे, मूल की मोठं माणूस?’ दोनच प्रश्न, त्याहून जास्त नकोत. फोनवर पाच प्रश्न एकदम आले की माणूस उत्तर देत नाही. आणि ‘हे कशासाठी हवंय?’ असं सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. काउंटरवर ज्या स्वरात ते खपतं, तो स्वर लिहिताना हरवतो आणि मागे चौकशी उरते.

तिसरी, जागा सोडणं. दीपगृहाच्या पुस्तकासारखा प्रश्न आला तर ग्रंथपालाने पहिल्या मिनिटाला उत्तर देऊ नये, आलं तरी. तास-दोन तास वाचकांना शोधू द्या. अर्धवट आठवणीतलं पुस्तक शोधण्यात पन्नास वाचकांची स्मरणशक्ती कोणत्याही तालिकेपेक्षा (कॅटलॉगपेक्षा) पुढे असते. कुणाला रंग आठवतो, कुणाला प्रकाशन. तुम्ही अधूनमधून धागा जुळवा: ‘कोणत्या सालाच्या आसपास वाचलं होतं? चित्रं रंगीत होती की काळी-पांढरी?’ शेवटी तालिकेत खात्री करून घेणं हे तुमचं काम. मुदतीचे, किंवा माहितीत चूक झाली तर नुकसान होईल असे प्रश्न मात्र तुम्हीच आधी घ्या.

चौथी, उत्तरात वाट दाखवणं. नुसतं उत्तर दिलं तर माणूस उद्या पुन्हा तेच विचारतो. कुठे शोधलं तेही सांगा: ‘तालिकेत विषय या रकान्यात दीपगृह टाकलं, मग बालसाहित्यापुरतं मर्यादित केलं.’ एक वाक्य पुरतं.

वाचकाने चुकीचं उत्तर दिलं तर त्याला खोटं पाडू नका, स्रोत पुढे करा. ‘मलाही असंच वाटलं होतं, पण दाखल नोंदीत साल वेगळं दिसतंय’ असं लिहिलं की माणूस पुन्हा उत्तर द्यायला येतो. तुमचंच उत्तर चुकलं तर जुना संदेश गुपचूप पुसू नका. खाली दुरुस्ती लिहा. ग्रंथपाल चूक कशी मान्य करतो हे सगळे पाहत असतात, आणि त्यावरून समूहाची रीत पडते.

आठवी पायरी: उत्तरांची वही

गप्पांच्या धारेत चांगलं उत्तर तीन दिवसांत गाडलं जातं. म्हणून आठवड्यातला एक तास ठरवा, समजा शुक्रवारची दुपार, आणि त्या आठवड्यातले प्रश्न एका तक्त्यात उतरवा. रकाने साधे: प्रश्न, थोडक्यात उत्तर, स्रोत, वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) किंवा दाखल अंक (पुस्तक ग्रंथालयात नोंदवतानाचा क्रमांक), तारीख, उत्तर कुणी शोधलं (कर्मचारी की वाचक). विचारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. वाचकांच्या सूचनांवरून झालेल्या याद्या, उदाहरणार्थ दहा वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी पुस्तकं, वेगळ्या पानावर काढा आणि संकेतस्थळावर ठेवा. सहा महिन्यांनी हा तक्ता नव्या कर्मचाऱ्याच्या हातात ठेवला की त्याचं निम्मं प्रशिक्षण झालेलं असतं.

या तक्त्यात एक रकाना मी आग्रहाने सांगेन: ‘आपल्याकडे नव्हतं’. जे मागितलं गेलं आणि संग्रहात सापडलं नाही, ते इथे खूण करा. पुढच्या ग्रंथखरेदीच्या वेळी ही यादी समितीपुढे ठेवा आणि पुस्तक आलं की समूहात सांगा: ‘आपण मागितलं होतं, ते आलं.’ आपल्या विचारण्याने काहीतरी हललं हे दिसलं की लोक विचारत राहतात.

कर्मचाऱ्यांचा समूह: इथे जरा थांबू या

‘कोहा’ ही ग्रंथालयाचं काम चालवणारी संगणक प्रणाली आज जगभर चालते. तिचा जन्म न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टच्या गरजेतून झाला. जुनी प्रणाली तारखांमधला २००० सालाचा बदल पेलणार नव्हती, म्हणून काटिपो नावाच्या कंपनीकडून नवी बनवून घेतली गेली, आणि २००० च्या जानेवारीत ती वापरात आली. मग ती मुक्त सॉफ्टवेअर म्हणून सगळ्यांना खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीव धरलेली असते. पुढे देशोदेशीच्या ग्रंथालयांनी तिच्यात भर घातली, भाषांतरं केली, चुका शोधल्या, एकमेकांना उत्तरं दिली. कर्मचाऱ्यांच्या समूहाचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही.

तुमच्या समूहात काय विचारलं जाईल? रेल्वेवरच्या पुस्तकाला दशांश वर्गीकरणात (विषयांना क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत) ३८५ द्यायचा की ६२५.१? उत्तर पुस्तक पाहून द्यावं लागतं: रेल्वे वाहतुकीचा व्यवहार आणि सेवा असेल तर ३८५, लोहमार्ग बांधणीचं तंत्र असेल तर ६२५.१. एकाच लेखकाचं नाव तालिकेत तीन तऱ्हांनी पडलंय, प्रमाण कोणतं धरायचं? मार्क नोंदीत (संगणकीय तालिकेच्या ठरावीक साच्यातल्या नोंदीत) उपशीर्षक कुठे टाकायचं? बारकोड वाचला जात नाही. एक वाचक रोज येऊन इतरांना त्रास देतो, त्याच्याशी कसं बोलावं? शेवटच्या प्रकारचे प्रश्न सर्वांत मोलाचे आणि सर्वांत उशिरा विचारले जातात, कारण त्यात आपली अडचण उघडी पडते.

ते विचारले जावेत यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली: वरिष्ठांनी समूहात असावं की नाही हे विचार करून ठरवा. जिथे रजा आणि बढती ज्यांच्या हातात आहे ते वाचत असतात, तिथे ‘मला हे येत नाही’ असं कुणी लिहीत नाही. अनेक ग्रंथालयांचा मिळून समूह असेल तर ही अडचण बरीच कमी होते. वरिष्ठ असतीलच, तर त्यांनीच पहिल्या आठवड्यात स्वतःला न येणारी गोष्ट विचारावी. दुसरी गोष्ट म्हणजे समूहावर घालवलेला वेळ कामाचा वेळ धरायचा. सुटीच्या दिवशी आणि रात्री उत्तर देण्याची अपेक्षा नको; हुकूम, हजेरी आणि अहवालांच्या मागण्या या समूहात येताच कामा नयेत. त्या आल्या की लोक ग्रुप म्यूट करतात, आणि मग वर्गांकाचा प्रश्नही कुणाला दिसत नाही.

वाचकाची तक्रार किंवा प्रसंग सांगताना नाव, फोटो, ओळखू येईल असा तपशील टाळा. काउंटरवरच्या प्रसंगाचा फोटो टाकून हसण्याची सवय एखाद्या समूहाला लागली तर ती पहिल्याच वेळी थांबवा.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली कामातून शिकणाऱ्या समूहांबद्दल जे मांडलं, त्यात नवखा माणूस कडेला राहून पाहत पाहत आत येतो, आणि हे कडेचं असणंही शिकण्याचाच रीतसर भाग आहे, असं म्हटलं आहे. नव्या कर्मचाऱ्याला ‘तुम्ही काहीच बोलत नाही’ असं टोकू नका. महिन्याभराने त्याला एक छोटं काम द्या: शुक्रवारचा तक्ता भरायचं. तो आपोआप विचारू लागेल.

ऑनलाइन प्रशिक्षणाची शिदोरीही समूहात वाटून घेता येते. ओसीएलसीने २००३ साली सुरू केलेल्या वेबजंक्शनवर ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी मोफत अभ्यासक्रम आहेत. तिघांनी एकच अभ्यासक्रम एकाच आठवड्यात करायचा आणि आपल्या ग्रंथालयात त्यातलं काय लागू पडतं ते चार ओळींत समूहात लिहायचं, अशी पद्धत चांगली चालते.

वाचकांच्या ज्ञानाचा उपयोग

समूह रुळला की ग्रंथालयाला ठाऊक नसलेलं वाचकांना विचारायची वेळ येते. २००८ च्या जानेवारीत लायब्ररी ऑफ काँग्रेसने फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरच्या ‘फ्लिकर कॉमन्स’वर तीन हजारांहून अधिक जुनी छायाचित्रं ठेवली आणि लोकांना माहिती जोडायला सांगितलं. माणसं, जागा, प्रसंग लोकांनी ओळखले, आणि पडताळून त्यांतली माहिती मूळ नोंदींत गेली. त्याच वर्षापासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांचा यंत्राने वाचलेला मजकूर वाचकांना दुरुस्त करू दिला. पुढे हेच काम ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर चालू राहिलं.

लहान ग्रंथालयाने कपाटातला एकच लिफाफा घ्यावा. आठवड्याला एक छायाचित्र, एक प्रश्न: ‘ही इमारत कोणती?’ आलेली उत्तरं तशीच नोंदीत घालू नका. दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलं किंवा छापील आधार सापडला, तरच घाला, आणि नोंदीत ‘वाचकांकडून मिळालेली माहिती’ असं लिहा. छायाचित्रात हयात खाजगी व्यक्ती असतील तर ते समूहात टाकू नका.

वाद झाला तर

वाद होतोच. एका पुस्तकावरून दोघे भिडले की नियमाची ओळ शांतपणे टाका, पुढचं बोलणं दोघांशी वेगवेगळं खाजगीत करा, आणि धागा थोडा वेळ बंद ठेवा. कुणाला काढायचं असेल तर निर्णय दोन ॲडमिननी मिळून घ्यावा आणि कारण लेखी कळवावं. माणूस समूहातून गेला तरी ग्रंथालयाचा सभासद आहे, त्याला काउंटरवर पूर्वीसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. मत पटत नाही म्हणून कुणाला काढू नका. ग्रंथालयाच्या कपाटात परस्परविरोधी पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात.

काय मोजायचं

सभासदसंख्या आणि हृदयाची चिन्हं मोजून काही कळत नाही. महिन्याला चार आकडे पुरतात, आणि ते शुक्रवारच्या तक्त्यातूनच निघतात: किती प्रश्न आले, किती सुटले, पहिल्या प्रतिसादाला साधारण किती वेळ लागला, आणि किती उत्तरं वाचकांनी दिली. शेवटचा आकडा हळूहळू वाढत असेल तर समूह जिवंत आहे. अनुत्तरित प्रश्नांची यादी दर महिन्याला कर्मचाऱ्यांच्या समूहात न्या; तिथे अर्ध्याअधिकांचा निकाल लागावा. अहवालात दोन खरी उदाहरणंही लिहा, नावं वगळून. आकड्यांपेक्षा ती वरिष्ठांच्या लक्षात राहतात.

ॲडमिन बदलतो तेव्हा

ज्या एका उत्साही माणसाने समूह उभा केला त्याची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि ॲडमिनचा अधिकार त्याच्या खाजगी फोनसोबत निघून जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून समूह ग्रंथालयाच्या नंबरावर आणि ग्रंथालयाच्या ईमेलवर काढा. किमान तीन ॲडमिन ठेवा. पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचे पर्यायी कोड बंद पाकिटात कार्यालयीन तिजोरीत ठेवा. कर्मचारी सोडून जाताना किल्ल्या आणि शिक्के सोपवतो त्याच यादीत ‘ऑनलाइन समूहाचे अधिकार’ हा रकाना घाला आणि त्याच दिवशी बदल करा.

आणि समूह चालवणं जमत नाही असं ठरलं, तर तो तसाच ओस टाकू नका. महिनाभर आधी कळवा, प्रश्न यापुढे कुठे विचारायचे ते लिहा, उत्तरांची वही कुठे पाहता येईल ते सांगा, सभासदांची वैयक्तिक माहिती पुसा, मग समूह बंद करा. त्या महिन्यात आलेल्या प्रत्येक प्रश्नाला मात्र उत्तर द्या, शेवटच्या दिवशी आलेल्यालाही.